अ‍ॅनिमेशनची चार वर्षांची डिग्री करावी की सरळ कोर्स करून कामाला लागावं?

रेघोट्या_मिरज

नमस्कार सगळ्यांना. मी मिरजेची, बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून चित्रं काढते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड आहे. गेल्या वर्षी दहावीच्या सुट्टीनंतर भावाच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर टाकलं आणि तेव्हापासून वेळ मिळेल तेव्हा तेच करत बसते, छोट्या छोट्या क्लिप्स बनवल्यात, त्यातली एक आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पडद्यावर दाखवली होती. मला हेच करायचंय हे माझं पक्कं आहे.

प्रश्न असा की करायचं कुठून. पुण्यात एका खासगी युनिव्हर्सिटीत बी.डेस. (डिझाइनची पदवी) अ‍ॅनिमेशन आहे, तिथले चार वर्षांचे फी, हॉस्टेल सगळं धरून सोळा-सतरा लाख होतात. सांगलीत एक इन्स्टिट्यूट आहे तिथे दीड वर्षाचा कोर्स आहे, ते म्हणतात शंभर टक्के प्लेसमेंट. पप्पांचं म्हणणं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर आणि अ‍ॅनिमेशन छंद म्हणून ठेव, आणि आत्या म्हणते यूट्यूबवर सगळं फुकट आहे की, त्याला कॉलेज कशाला. मला वाटतं चार वर्षं नीट शिकावं पण एवढे पैसे मागायला जीभ रेटत नाही. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे, कर्ज काढावंच लागेल. जे या लाइनमध्ये आहेत त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज. डिग्रीचा खरंच उपयोग होतो का?

फ्रेम२४

मी मुंबईत एका स्टुडिओत अ‍ॅनिमेशन लीड आहे, नोकरी मागणाऱ्या नवीन मुलांच्या रील्स, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने जोडलेले व्हिडिओ, बघायचं काम बऱ्यापैकी माझ्याकडेच असतं, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

रील बघताना डिग्री कुठली हे आम्ही सुरुवातीला बघतच नाही. दीड मिनिटाची रील असते आणि पहिल्या वीस सेकंदांत कळतं. एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. जवळजवळ प्रत्येक रीलमध्ये वॉक सायकल असते, माणूस चालतोय. त्यात चार मुख्य पोझ असतात, पाय टेकतो ती कॉन्टॅक्ट, मग अंग खाली जातं ती डाउन, मग एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती पासिंग, मग अंग वर उचललं जातं ती अप. आता टाच टेकल्याबरोबर पुढच्या दोन-तीन फ्रेम्समध्ये कंबर खाली यायला पाहिजे आणि गुडघा वाकायला पाहिजे, कारण सगळं वजन त्या एका पायावर आलेलं असतं. निम्म्याहून जास्त मुलांच्या रीलमध्ये ही डाउन पोझच नसते किंवा नावापुरती असते, आणि मग कॅरेक्टर चालत नाही, तरंगतं. लाइटिंग भारी, टेक्स्चर भारी, केस वाऱ्यावर उडतायत, पण माणसाला वजन नाही. असा मुलगा आम्ही घेत नाही, कारण सॉफ्टवेअर महिन्याभरात शिकवता येतं, ही नजर महिन्याभरात येत नाही.

ही नजर येते कशातून तर बघून बघून काढण्यातून. फिगर ड्रॉइंग, जेश्चर ड्रॉइंग, तीस सेकंदात माणूस कागदावर उतरवायचा. तू मिरजेची आहेस ना, मग तुझ्याकडे जंक्शन आहे, स्टँड आहे. वही घेऊन बस. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई एसटीची पायरी चढते तेव्हा आधी हात दांड्याला जातो, मग मान ताठ राहते आणि फक्त कंबरेखालचं अंग हलतं, बोचक्याला धक्का लागू देत नाही ती. मोकळ्या हाताने चढणारा कॉलेजचा पोरगा पुढे वाकून उडी मारतो. एकच पायरी पण दोन वेगळी अ‍ॅनिमेशन्स. हे पेन्सिलने पकडता आलं की माया सॉफ्टवेअरमध्ये पण पकडता येतं.

आता तुझा प्रश्न. चांगल्या डिग्रीत हे वर्षभर रोज करून घेतात, चूक दाखवणारा माणूस समोर असतो, आणि शेवटी स्वतःची एक पूर्ण फिल्म करावी लागते, गोष्ट सुचण्यापासून स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमॅटिक, लेआउट, अ‍ॅनिमेशन, साउंड ते एक्सपोर्टपर्यंत. नोकरीत असं कधीच मिळत नाही, तिथे तू चार वर्षं फक्त कुणाच्या तरी शॉटचे हात हलवत असशील. माझं स्पष्ट मत, डिग्री करावी, पण ती या दोन गोष्टींसाठी करावी, रोजचं ड्रॉइंग आणि शेवटची फिल्म. ज्या कॉलेजात या दोन्ही नाहीत तिथे सतरा लाख काय सात लाखही देऊ नये.

कुठल्याही कॉलेजला जाऊन एकच गोष्ट माग. गेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या फायनल फिल्म्स दाखवा म्हणावं, निवडक एक-दोन चालणार नाहीत, सगळ्या बॅचच्या दाखवा. बिल्डिंग आणि मोशन कॅप्चर रूम दाखवतील, ते बघू नकोस. आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात तिथे विचार की कुठल्या पोस्टवर लागले. बऱ्याचदा रोटोला लागलेले असतात, म्हणजे एकेका फ्रेममध्ये माणसाची कडा गिरवून त्याला वेगळं काढायचं काम. ते काम वाईट नाही, पण तू ज्यासाठी जातेयस ते ते नाही.

मातीचा_घोडा

मी एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) अहमदाबादची, अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन. फ्रेम२४ यांनी लिहिलंय त्यातलं ड्रॉइंगचं अक्षरशः खरं आहे.

ताई तू सरकारी संस्थांचं नावच घेतलं नाहीस म्हणून लिहितेय. खासगीचा विचार करायच्या आधी हे बघ. एनआयडीचं बी.डेस. चार वर्षांचं, पहिलं वर्ष फाउंडेशन, त्यात सगळ्या शाखांची मुलं एकत्र, माती, लाकूड, रंग, भूमिती, ड्रॉइंग, आणि मग शाखा. अ‍ॅनिमेशन नावाची वेगळी शाखा अहमदाबादलाच आहे, बाकीच्या एनआयडींमध्ये कम्युनिकेशन डिझाइन आहे, त्यामुळे फॉर्म भरताना नीट बघ. परीक्षा दोन टप्प्यांत, आधी प्रिलिम्स आणि मग मेन्सला स्टुडिओ टेस्ट. स्टुडिओ टेस्टला समोर सामान ठेवतात आणि काहीतरी बनवायला सांगतात, तिथे घोटून पाठ केलेलं काही चालत नाही. क्लासवाले ठरावीक साच्यातली चित्रं शिकवतात, सगळ्या मुलांचे पेपर सारखे दिसतात, त्यापेक्षा तुझी स्टँडवरची वही जास्त कामाला येईल.

दुसरी परीक्षा यूसीड, आयआयटी बॉम्बे घेते, साधारण जानेवारीत असते, बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. त्यात एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक ड्रॉइंगचा. त्यावर आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, बी.डेस.ला जाता येतं. पण तिथे पदवीला सगळंच डिझाइन शिकवतात, अ‍ॅनिमेशनचा स्वतंत्र कोर्स एम.डेस.ला (पदव्युत्तर) आहे आणि त्याला सीड ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. म्हणून एक रस्ता असाही आहे जो मराठी मुलं फारशी बघत नाहीत, मुंबईत जेजे या कला संस्थेत अप्लाइड आर्टमधून बी.एफ.ए. (कलेची पदवी) करायचं, फी खासगीच्या मानाने खूपच कमी, हात तयार होतो, आणि मग सीड देऊन आयडीसी. जेजे २०२३ पासून अभिमत विद्यापीठ आहे त्यामुळे प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षी त्यांच्याच साइटवर बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

फिल्म बनवणाऱ्या गीतांजली राव जेजे अप्लाइड आर्टच्याच. अ‍ॅनिमेशन त्या तिथे शिकल्या नाहीत, नंतर राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करताना आणि स्वतः करून करून शिकल्या, आणि २००६ ला त्यांच्या शॉर्ट फिल्मला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये बक्षिसं मिळाली. ती फिल्म फ्रेम फ्रेम हाताने रंगवलेली आहे.

दोन_पेन्सिली

वरचं सगळं मान्य पण डिग्रीशिवाय होतच नाही असा समज करून घेऊ नये. आपल्याकडे अ‍ॅनिमेशन शिकवायला सुरुवात झाली तीच मुळी कामाच्या जागी. १९५६ ला डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून युनिटला त्यांनी शिकवलं. राम मोहन त्याच पहिल्या तुकडीतले, आणि ते केमिस्ट्रीचे पदवीधर होते. आजही ब्लेंडर, क्रिटा, ओपनटूंझ सगळं फुकट आहे, मायाचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्स फुकट मिळतं, हुडिनीचं शिकाऊ व्हर्जन फुकट आहे. २०२५ ला बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचं ऑस्कर ज्या लॅटव्हियाच्या फिल्मला मिळालं ती, फ्लो, ब्लेंडरमध्ये केलेली आहे. तू पण ब्लेंडरच वापरतेस. साधनं अडवत नाहीत आता कुणाला.

नाशिककर_काका

मी या क्षेत्रातला नाही, पण माझा मुलगा आहे. बाळ, तुझ्या वडिलांच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो, कारण तिकडे कुणी लक्ष देत नाहीये आणि कर्ज शेवटी त्यांच्याच सहीने निघणार आहे.

पहिलं म्हणजे डिग्रीच्या कागदावर नाव कुणाचं येणार ते लेखी घ्या. आम्ही मुलासाठी फिरलो तेव्हा एका ठिकाणी बी.ए. अ‍ॅनिमेशन म्हणत होते, खोदून विचारल्यावर कळलं की डिग्री दुसऱ्याच राज्यातल्या एका विद्यापीठाची, तीही दूरशिक्षणाची, आणि इन्स्टिट्यूट स्वतः फक्त सर्टिफिकेट देणार. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात होतं. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का ते घरी बसून बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

दुसरं कर्जाचं. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की घर किंवा एफडी ठेवावी लागते. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं हे कुणी ठासून सांगत नाही. बारा लाख घेतले आणि चार-पाच वर्षं व्याज साठत गेलं तर हप्ता सुरू होईपर्यंत पंधराच्या आसपास जातं, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला वीस हजारांच्या घरात हप्ता. माझ्या मुलाला पहिल्या नोकरीत हातात बावीस हजार येत होते, मुंबईत राहून. वीस हजार हप्ता आणि बावीस हजार पगार, म्हणजे भाडं कोण भरणार? आम्ही शिक्षण चालू असतानाच व्याज तेवढं दर महिन्याला भरत गेलो म्हणून निभावलं. आज त्याचं बरं चाललंय, मला त्याचा अभिमान आहे आणि मी त्याला परत हेच करू देईन. पण सतरा लाखांच्या कॉलेजात नाही.

वडिलांना बसवून ही गणितं दाखव. आमच्या पिढीला अ‍ॅनिमेशन म्हणजे काय ते कळत नाही, पण हप्ता कळतो. तू हप्त्याचा विचार केलायस हे दिसलं की निम्मा विरोध तिथेच संपतो.

बर्फातला_कोल्हापूरकर

व्हँकुव्हरहून लिहितोय, इथे व्हीएफएक्समध्ये (सिनेमातले कॉम्प्युटर इफेक्ट्स) आहे. काकांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे.

डिग्रीबद्दल माझा एकच मुद्दा. कामासाठी रील लागते, पण व्हिसासाठी डिग्री लागते. अमेरिकेच्या एच-वन-बी ला पदवी किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागतं, कॅनडात पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, गुणांमध्ये शिक्षण मोजतात. माझ्याबरोबरचे काही फार गुणी लोक आहेत, नुसता डिप्लोमा आहे म्हणून त्यांना इथे येताना दुप्पट कागद जमवावे लागले. तुला बाहेर जायचं नसेल तर हे सोडून दे, पण अठराव्या वर्षी हे दार बंद करू नये असं मला वाटतं.

आणि बाजाराचं पण खरं सांगतो. २०२३ ला हॉलिवूडमध्ये लेखकांचा आणि नटांचा संप झाला, त्यानंतर कामं जी आटली ती अजून नीट भरून आलेली नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या मोठ्या व्हीएफएक्स कंपनीचा अख्खा ग्रुप कोसळला, बंगळुरू आणि मुंबईतल्या लोकांनाही त्याची झळ बसली. ही लाइन प्रोजेक्टवर चालते, प्रोजेक्ट संपलं की घरी. त्यामुळे दोन-तीन महिने काम नसलं तरी घाबरं होऊ नये एवढी शिल्लक आणि कमी हप्ता, दोन्ही लागतं. मला कुणी घाबरवायचं म्हणून सांगितलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं, म्हणून मी तुला सांगतोय. हे ऐकूनही करावंसं वाटत असेल तर नक्की कर. मी दुसरं काही करायचा विचारही करू शकत नाही.

रेघोट्या_मिरज

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, तुमचा मेसेज पप्पांना वाचून दाखवला, ते म्हणाले हा माणूस बरोबर बोलतोय, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारलं की ती अहमदाबादची परीक्षा कधी असते.

अजून दोन शंका. एक, एआयमुळे हे सगळं चार वर्षांनी राहणार का, मैत्रिणी सारख्या म्हणतात की आता लिहिलं की व्हिडिओ तयार होतो. दुसरं, लॅपटॉप कुठला घ्यावा, दुकानदार दीड लाखाचा गेमिंग सांगतोय.

मातीचा_घोडा

एआयचं मी माझ्यापुरतं सांगते. रोटो, पेंट, क्लीनअप, ज्यात माणूस दिवसभर एकच कडा गिरवत बसायचा, ती कामं कमी होतायत, आणि भारतात नवीन मुलांचा शिरकाव त्याच कामांतून व्हायचा त्यामुळे काळजी खरी आहे. म्हणूनच सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्या दीड वर्षाच्या कोर्सची मला जास्त भीती वाटते.

पण तू एक फिल्म बघ, देसी ऊन, मुंबईच्या स्टुडिओ इक्सॉरसची. दख्खनी मेंढी आणि तिच्या लोकरीबद्दल आहे, म्हणजे आपल्या धनगरांचा विषय, आणि स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढत, खऱ्या लोकरीतून केलेली आहे. २०२५ ला फ्रान्समध्ये अ‍ॅनेसीच्या फेस्टिव्हलला कमिशन्ड (कुणीतरी सांगून करून घेतलेल्या) फिल्म्समध्ये ज्युरी अवॉर्ड मिळालं तिला. लोकर हातात धरल्यावर ती कशी वागते, कुठे फुगते, कुठे पिंजली जाते, मेंढीने मान वळवली की कुठली लोकर आधी हलायला हवी, हे कुणीतरी टेबलाशी बसून हाताने ठरवलंय. मेंढीची गोष्ट सांगायला मेंढीची लोकरच वापरायची, हा विचार करणारा माणूस कुठल्या मशिनने बदलला जाईल असं मला वाटत नाही. असा विचार करायला शिकवणारी जागा शोध. मिरजेत सतार बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, भोपळा वाळवण्यापासून तारा जुळवण्यापर्यंत सगळं तुझ्या घराजवळ चालतं, आणि मुंबई-दिल्लीच्या कुठल्याही मुलाला ते माहीत नाही. पोर्टफोलिओत ड्रॅगन आणि तलवारवाल्या मुली खूप येतात गं. तुझ्याकडे सतार आहे.

दोन_पेन्सिली

सतारीची आयडिया एक नंबर. भोपळा पोकळ, त्यामुळे हातात उचलताना किती हलका दिसला पाहिजे आणि तयार सतार किती जड, वजनाचाच अभ्यास होईल.

फ्रेम२४

लॅपटॉपचं मी सांगतो. आत्ता अजिबात घेऊ नकोस. भावाच्या मशिनवर ब्लेंडर चालतंय ना, मग पहिल्या वर्षाला पुरतं. फाउंडेशनला निम्मं काम कागदावर आणि हाताने असतं, आणि पुढे जड रेंडर (कॉम्प्युटरने शेवटची चित्रं तयार करणं) कॉलेजच्या लॅबमध्ये करता येतात, ही पण कॉलेज बघताना विचारायची गोष्ट, लॅब रात्री उघडी असते का. दुसऱ्या वर्षात तुला कळेल तू टूडीकडे जातेयस की थ्रीडीकडे, त्यावर मशीन ठरतं. टूडीला साध्या प्रोसेसरवर भागतं पण पेन टॅब्लेट चांगला लागतो, थ्रीडीला ग्राफिक्स कार्ड आणि रॅम. आता दीड लाख घातलेस तर ज्या वर्षी खरी गरज लागेल त्या वर्षी ते जुनं झालेलं असेल.

घ्यायचंच असेल तर स्क्रीन नसलेला छोटा पेन टॅब्लेट घे, चार-पाच हजारांत येतो. सुरुवातीला हात एकीकडे आणि डोळे एकीकडे असल्याने वाकडंतिकडं येईल, पंधरा दिवसांत बसतं. आणि एक बॉल बाउन्स कर आधी, क्रिटामध्ये, चोवीस फ्रेमच्या हिशोबाने, दर दोन फ्रेमला एक चित्र. वरच्या टोकाला चित्रं जवळजवळ, खाली येताना लांब लांब. एकदा क्रिकेटचा चेंडू म्हणून कर, एकदा पाण्याने भरलेला फुगा म्हणून. झालं की इथेच टाक, बघून सांगतो कुठे काय हलवायचं ते.

नाशिककर_काका

बाळ, पप्पांना सांग एनआयडी आणि यूसीड दोन्हीचे फॉर्म बारावीच्या अभ्यासाच्या गडबडीतच निघतात, तारीख चुकवू नका. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तहसीलला आत्ताच अर्ज टाका. नॉन क्रिमीलेअरला आम्हाला महिना लागला होता.